पू भरलेल्या पुळ्या: नातवाला आणि आजोबांना एकाच कारणाने?

तुमचा प्रश्न असा: घर जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे, सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडाभोवती पुवाच्या पुळ्या, आजोबांच्या मांड्यांवरही तशाच. कारण एकच का?

असेलच असं नाही. मुलाची पुळी फुटून मधासारखी पिवळी खपली धरत असेल तर बहुधा इम्पेटिगो, म्हणजे स्टॅफ किंवा स्ट्रेप जिवाणूंचा संसर्ग. पण आधी त्याच्या बोटांच्या बेचक्या, मनगटं, बेंबीभोवतीची जागा नीट बघा. रात्री खाज वाढते आणि घरात आणखी कोणी खाजवतंय? मग मूळ दुखणं खरूज, पू नंतरचा. अशा वेळी घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावायचं, नाहीतर ती फिरत राहते.

आजोबांच्या पुळीच्या मधोमध केस दिसला तर केसाच्या मुळाचा दाह. वारंवार होत असेल तर साखर तपासाच. आपल्याकडच्या मे महिन्यात घामोळंही पिकतं म्हणा.

आणि पू म्हणजे जंतूच, असं नाही. सोरायसिस या जुनाट त्वचारोगाच्या एका प्रकारात, किंवा नवीन गोळी सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत, अंगभर बारीक पुळ्या उठतात. कल्चरमध्ये, म्हणजे पुवातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काही उगवत नाही. तपासणीला ताजी, न फुटलेली पुळी लागते, म्हणून पिळू नका. मेडिकलवरची स्टेरॉईडची ट्यूब तर नकोच, रोगाचं रूपच बदलतं.

ताप असेल, पुळ्या झपाट्याने पसरत असतील, किंवा बाळ महिन्याच्या आतलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.