वर्ड प्रोसेसर अंध वापरकर्त्यांना नीट वापरता यावा यासाठी नेमकं काय करावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही बनवलेल्या वर्ड प्रोसेसरमध्ये सगळ्या बटणांना नावं दिली, मेनू कीबोर्डवरून चालतात, तरी एका अंध मित्राने तुमचा एडिटर वापरून सांगितलं, "लिहायची जागा रिकामी आहे." त्याचं बरोबर आहे. मी स्वतः पूर्ण अंध आहे, दिवसभर स्क्रीन रीडरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, लिहिण्याचंच काम करतो आणि असे 'रिकामे' एडिटर बरेच पाहिलेत. (हो, आम्हीही 'पाहिलं' असंच म्हणतो.)

स्क्रीन रीडर या नावावर जाऊ नका, तो स्क्रीन वाचत नाही. फार पूर्वी विंडोजवर अक्षरं काढायच्या आज्ञा मधल्यामध्ये पकडून स्क्रीनवर काय असेल याचा तो अंदाज बांधायचा. आता तो सरळ तुमच्या प्रोग्रॅमला विचारतो. फोकस कुठे आहे? कर्सर कितव्या अक्षरावर आहे? ही ओळ कुठून कुठपर्यंत? हा शब्द ठळक आहे का? या प्रश्नोत्तरांची पद्धत ठरलेली आहे: विंडोजवर यूआय ऑटोमेशन किंवा आयअ‍ॅक्सेसिबल२, लिनक्सवर एटी-एसपीआय, मॅकवर अ‍ॅपलची स्वतःची. तुमची बटणं टूलकिटमधली (बटणं, मेनू असे तयार भाग देणाऱ्या संचातली) तयार होती, त्यामुळे ती आपोआप बोलली. मजकूर मात्र तुम्ही स्वतः रंगवता, तेव्हा तिथे उत्तर द्यायला कोणीच नाही.

टूलकिटचा तयार मजकूर-बॉक्स वापरून भागत असेल तर तोच वापरा, अर्धं काम तिथेच संपेल. भागत नसेल तर रंगवण्याच्या जोडीला मजकुराचं दुसरं, न दिसणारं रूप सांभाळावं लागतं. गूगल डॉक्सने २०२१ मध्ये मजकूर कॅनव्हासवर (ब्राउझरमधल्या नुसत्या चित्राच्या जागेवर) रंगवायला घेतला, तेव्हा स्क्रीन रीडरसाठी वेगळी सोय ठेवावीच लागली. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचा कोड खुला आहे, तो जरूर चाळा. विंडोजवर त्याला स्क्रीन रीडरशी बोलायला आधी जावाचा पूल (जावा अ‍ॅक्सेस ब्रिज नावाचा मधला प्रोग्रॅम) लागायचा, २०१४ च्या आवृत्त्यांपासून आयअ‍ॅक्सेसिबल२ आलं.

एक मोह मात्र टाळा, प्रोग्रॅमने स्वतःच बोलण्याचा. आमच्यातले कितीतरी जण ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे उठावाच्या टिंबांनी मजकूर दाखवणाऱ्या उपकरणावर, बोटांनी वाचतात. तिथल्या एका खान्यावरचं बटण दाबलं की कर्सर नेमका त्या अक्षरावर जायला हवा. तुम्ही नुसतं वाक्य बोलून दाखवलंत तर हे कुठून होणार?

आता खऱ्या दुखण्याकडे येतो: कर्सर.

मी खाली जाणारा बाण दाबतो. एनव्हीडीए, माझा विंडोजवरचा स्क्रीन रीडर, ती कळ तुमच्या प्रोग्रॅमकडे सोडतो, कर्सर हलला का हे क्षणभर तपासत राहतो आणि मग 'कर्सर आहे ती ओळ दे' म्हणतो. तुमचा प्रोग्रॅम तेवढ्यात स्पेलचेक, पानांची मांडणी वगैरे उरकत बसला आणि कर्सरची जागा उशिरा बदलली, तर मला जुनीच ओळ पुन्हा ऐकू येते. मला वाटतं कळ लागलीच नाही. मी पुन्हा दाबतो आणि एक ओळ माझ्या नकळत सुटते. डोळसाला हा उशीर जाणवणारही नाही. म्हणून आधी कर्सर हलवा, तसं कळवा, बाकीचा पसारा नंतर.

बॅकस्पेसची गंमत याहून वाईट. एनव्हीडीए कळ सोडण्याआधी कर्सरच्या मागचं अक्षर विचारून ठेवतो आणि पुसलं गेल्यावर तेच उच्चारतो. समजा मी 'कि' लिहिलं, मला 'की' हवं होतं. बॅकस्पेस दाबली. तुमच्या प्रोग्रॅमने मागचं अक्षर म्हणून अख्खं 'कि' सांगितलं, पण पुसली फक्त वेलांटी. मला ऐकू आलं 'कि', म्हणजे अक्षर गेलं असं मी धरलं आणि नव्याने 'की' टाइप केलं. कागदावर 'ककी'. अख्खं अक्षर पुसा किंवा नुसती वेलांटी, दोन्ही चालेल. पण जे सांगाल तेच पुसा. जोडाक्षरांचंही बघा. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या अक्षर-संकेतांच्या मानकाच्या) अक्षरं तोडायच्या नियमांत देवनागरी जोडाक्षर अखंड धरायची तरतूद २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आली. त्याआधीचे नियम वापरणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) 'क्ष'वरून जाताना कर्सर मध्येच थांबू शकतो.

फॉरमॅटिंग हा शोभेचा भाग आहे असं समजून लोक ते शेवटी ठेवतात. माझा एक अहवाल असाच गेला होता. एक परिच्छेद मी काळ्या पार्श्वभूमीच्या पानावरून चिकटवला, सोबत अक्षरांचा पांढरा रंगही आला. मला तो परिच्छेद स्वच्छ ऐकू येत होता. वाचणाऱ्याला मात्र तिथे कोरी जागा, आणि मला फोन, "मधलं पान रिकामं का सोडलंय?" एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि एफ दाबून मी फॉन्ट, आकार, रंग विचारू शकतो, पण त्या एडिटरने उत्तरच ठेवलं नव्हतं. रंग, स्टाइल, हेडिंगची पातळी, चुकीचं स्पेलिंग, पुसलेला पण सुधारणा म्हणून राखून ठेवलेला मजकूर, हे सगळं विचारलं की मिळायला हवं. हेडिंग नुसतं मोठ्या ठळक अक्षरांत असून चालत नाही, ते हेडिंग आहे हे प्रोग्रॅमला माहीत हवं. तरच चाळीस पानांच्या मजकुरात मला एका उडीत पुढच्या प्रकरणावर जाता येतं. टेबलमध्ये ओळ आणि स्तंभ सांगा, चित्राला वर्णन जोडायची जागा द्या.

उलट टोकही गाठू नका. दर अर्ध्या मिनिटाला 'फाइल जतन झाली' म्हणणारा प्रोग्रॅम मी दोन दिवसांत काढून टाकला होता. जतन झालं नाही तर सांगा.

तपासणीसाठी एनव्हीडीए फुकट मिळतो. त्यातला स्पीच व्ह्यूअर उघडा, जे बोललं जातं ते अक्षरांत दिसतं, भरभर बोलणं कानाला कळलं नाही तरी अडत नाही. मग मॉनिटर बंद करून अर्धा तास लिहून बघा. पण तेवढ्यावर विसंबू नका. तुम्हाला बटण कुठे आहे ते आठवत असतं, आम्हाला नाही. मित्र पुन्हा आला की टूलबार दाखवत बसू नका. त्याला दोन पानांचं पत्र लिहायला द्या, मधला परिच्छेद वर न्यायला आणि एक शब्द शोधून सगळीकडे बदलायला सांगा. तो कुठे थांबतो, कुठली कळ दोनदा दाबतो हे टिपून ठेवा, मध्ये बोलू नका, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.