एकटीच्या खांद्यावर नको

चि. हिस,
अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दाम लिहीत नाही. होस्टेलवर आलेलं पत्र कुणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. इतकी वर्षं रेक्टर होते, मला ठाऊक आहे.

परवा फोनवर, स्वतःला इजा करून घेण्याबद्दल बोलताना तू म्हणालीस, "मॅडम, रूममेटला सगळं माहीत आहे. तीच सांभाळते मला." तेव्हापासून मला तुझ्याइतकीच तिची काळजी लागली आहे.

स्वतःला इजा करून घेणारी मुलं 'लक्ष वेधायला' करतात, असं लोक बिनदिक्कत बोलतात. मी पाहिलेल्या बहुतेक मुलींची सगळी धडपड लपवण्याची होती. आतला कल्लोळ असह्य झाला की तो थोडा वेळ तरी थांबावा, एवढंच त्यांना हवं असायचं. मग शरम. शरमेपोटी मेसला जायचं टाळायचं, घरचे फोन उचलायचे नाहीत. माणसं अशी तुटत गेली की पुढच्या वेळी तो कल्लोळ ऐकायलाही कुणी उरत नाही.

माझ्या हातूनही एक चूक झाली. एका मुलीला मी आईची शपथ घालून वचन घेतलं, "पुन्हा करणार नाहीस." तिने दिलं. नंतर कळलं, थांबलं काहीच नव्हतं. मला सांगणं तेवढं थांबलं होतं. म्हणून तुझ्याकडून शपथ घेणार नाही. झालं तरी फोन कर. रागावणार नाही.

आता रूममेटबद्दल. ती स्वतः यातून गेलेली आहे, म्हणून तुला न सांगता समजून घेते. हे सुख मोठं आहे, मी ते कमी लेखत नाही. पण रात्री दोनला तू तिला उठवतेस, तेव्हा तिचीही जुनी जखम जागी होत असेल. तिच्याशी मनातलं जरूर बोल. जखमांचं वर्णन, फोटो मात्र नकोत. आणि 'कुणाला सांगू नकोस' या वचनातून तिला मोकळी कर. तूच सांग तिला: "तुला भीती वाटली तर होस्टेलच्या रेक्टरांना उठव, मी तुझ्यावर चिडणार नाही." हे वाक्य जड जाईल. तरी याच आठवड्यात म्हण.

दुसरं माणूस शोधायला लांब जायला नको. सातारच्या आत्याबद्दल तू किती भरभरून बोलतेस! तिला सगळा इतिहास सांगायची गरज नाही. "फार ताण आला की मी स्वतःला इजा करते. मला उपाय नको, दर रविवारी फोन कर," एवढं पुरे. ती रडेल, कदाचित रामरक्षा म्हणायला सांगेल. सांगू दे. पहिल्या फोनला माणसं गडबडतात. दुसऱ्या फोनला बरी ऐकतात.

आणि समुपदेशक हवाच. मार्शा लिनेहान या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशाच त्रासासाठी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही बोलण्यातून आणि कौशल्यं शिकवून करायची उपचारपद्धती उभी केली. आपण स्वतः तरुणपणी यातून गेलो, रुग्णालयात राहिलो, हे त्यांनी 2011 साली उघडपणे सांगितलं. त्या उपचारात चार कौशल्यं शिकवतात, त्यांतलं एक माणसांशी वागण्याचं: मागावं कसं, नाही कसं म्हणावं. म्हणजे मदत मागणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, उपजत येत नाही.

घरी कळेल ही भीती तुला आहे. तू 18 पूर्ण केलेली आहेस. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गोपनीयता हा तुझा हक्क आहे. जिवाला धोका असेल, तर मात्र डॉक्टर आवश्यक तेवढं सांगू शकतात, आणि ते योग्यच आहे.

तू म्हणतेस, मरायचं नसतं. विश्वास आहे माझा. पण तो विचार एकदा जरी डोकावला, तरी सकाळची वाट बघू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. प्रसंग हाताबाहेर जातोय असं वाटलं तर तातडीच्या मदतीसाठी 112 लाव. माझा फोनही उशाशीच असतो.

रविवारी जेवायला ये, रूममेटलाही आण. ठेचा या वेळी कमी तिखट करीन, मागच्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तुझी,
रेक्टर मॅडम