बाबुल सुप्रियो: गायक, दोनदा खासदार आणि मग आमदार

प्रश्नात तीन गोष्टी विचारल्यात. ‘कहो ना प्यार है’मध्ये गायलेला बाबुल सुप्रियो आणि बंगालमध्ये मंत्री झालेला बाबुल सुप्रियो एकच का, तो राजकारणात गेलाच कशाला, आणि भाजपमधून थेट तृणमूलमध्ये कसा काय गेला. वर एकांनी लिहिलंय की गाणी मिळेनाशी झाली म्हणून गेला, विषय संपला. मला हे पटत नाही. मी गेली पंचवीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय, त्याची गाणी किती वेळा वाजवली याची गणती नाही, आणि त्याचं राजकारणही पहिल्या निवडणुकीपासून बघत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हो, माणूस एकच. मूळ नाव सुप्रियो बराल, जन्म १९७० चा, कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा गावचा. आजोबा एन. सी. बराल हे बंगालीतले नावाजलेले गायक-संगीतकार, म्हणजे गाणं घरातच होतं. कॉमर्स केलं, स्टँडर्ड चार्टर्ड बँकेत चांगली नोकरी लागली, आणि ती सोडून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईला आला. तेव्हाची मुंबई आठवा, कुमार सानू आणि उदित नारायण सगळीकडे, नव्या मुलाला कोण उभं करणार? त्याला हात दिला कल्याणजीभाईंनी. कल्याणजी-आनंदजींनी किती नव्या गळ्यांना स्टेजवर उभं केलं हे या लाइनमधल्या सगळ्यांना माहितीये, बाबुल त्यातलाच. त्यांच्याबरोबर परदेशातले शो केले, अमिताभच्या शोमध्येही गायला. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये नाव होण्याआधी हा पोरगा हजारोंच्या गर्दीपुढे गाऊन तयार झालेला होता, आणि माझ्या मते पुढचं सगळं इथूनच सुरू होतं.

मग २००० साली संगीतकार राजेश रोशननी ‘कहो ना प्यार है’मधलं ‘दिल ने दिल को पुकारा’ दिलं. पिक्चर तुफान चालला, गाणं घराघरात गेलं. नंतर ‘हंगामा’मधलं ‘परी परी’, ‘हम तुम’चं टायटल साँग अलका याज्ञिकबरोबर, ‘फना’मधलं ‘चंदा चमके’. ज्यांना वाटतं ही साधी गाणी आहेत त्यांनी ‘हम तुम’ स्टेजवर गाऊन बघावं. आमच्याकडे दमदार आवाजाचे दोन-तीन गायक होते, रफीसाहेबांची गाणी दणक्यात म्हणायचे, पण हे गाणं घेतलं की पडायचं. कारण त्यात जोर लावायचाच नाहीये, माइक अगदी ओठांजवळ घेऊन बोलल्यासारखं गायचं, श्वास ऐकू येऊ द्यायचा पण सूर हलू द्यायचा नाही. हा गळा कमी लेखू नका.

आता राजकारण. मार्च २०१४ मध्ये तो भाजपमध्ये आला आणि लगेच बंगालमधल्या आसनसोलचं लोकसभेचं तिकीट मिळालं. लोक म्हणतात सेलिब्रिटी होता म्हणून निवडून आला. अहो, आसनसोल भाजपची सेफ सीट नव्हती, तिथे भाजप आधी कधीच जिंकला नव्हता, वर्षानुवर्षं मार्क्सवाद्यांचा बालेकिल्ला आणि राज्यात सत्ता तृणमूलची.

मग कसा जिंकला? इथे माझा एक अनुभव सांगतो. २००६ च्या सुमारास आमचा ग्रुप पूजेच्या कार्यक्रमाला त्या भागात गेलेला. कोळशाच्या खाणी, बर्नपूरचा स्टीलचा कारखाना, चित्तरंजनला रेल्वे इंजिनं बनतात, म्हणजे कामगारांचाच पट्टा, आणि निम्मे कामगार बिहार-झारखंडकडून येऊन पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले. आमच्याकडे फर्माईशीच्या चिठ्ठ्या यायला लागल्या तर अर्ध्या देवनागरीत आणि अर्ध्या बंगालीत, आयोजकांचा पोरगा बाजूला उभा राहून मला बंगाली चिठ्ठ्या वाचून दाखवत होता. हिंदी गाणं घेतलं की डावीकडचे लोक खूश, बांगला घेतलं की उजवीकडचे. आणि बाबुलचं गाणं आलं की दोन्हीकडून टाळ्या, कारण हिंदीवाल्यांसाठी तो सिनेमातला गायक आणि बंगाल्यांसाठी मुंबईत नाव काढलेला घरचा मुलगा. २०१४ ला निकाल लागला तेव्हा मला त्या चिठ्ठ्याच आठवल्या. मोदींनी तिथल्या सभेत आपल्याला संसदेत बाबुल हवा असं सांगितलं होतं, त्याचा फायदा झालाच, पण दोन्ही भाषांत गर्दी धरून ठेवणारा उमेदवार बाकी कुणाकडे नव्हता. तृणमूलच्या डोला सेन यांना त्याने ७० हजारांच्या वर मतांनी हरवलं. बंगालच्या ४२ जागांपैकी भाजपला तेव्हा दोनच मिळाल्या, दार्जिलिंग आणि ही.

नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रात नगरविकास खात्यात राज्यमंत्री झाला, २०१६ ला अवजड उद्योगमध्ये, तिथे कॅबिनेट मंत्री आपले रायगडचे अनंत गीते. आणि इथे मला त्याच्यासाठी खरंच वाईट वाटलं. त्याच्याच मतदारसंघात रूपनारायणपूरला हिंदुस्थान केबल्सचा कारखाना, टेलिफोनच्या केबल बनवणारा, पन्नासच्या दशकातला. उत्पादन कित्येक वर्षं ठप्प, कामगार पगारासाठी ताटकळलेले, आणि केंद्राने कंपनी बंद करायचा निर्णय घेतला तो सप्टेंबर २०१६ ला, म्हणजे बाबुल त्याच खात्यात राज्यमंत्री असताना! कंपनी आधीच बुडालेली होती, एकटा राज्यमंत्री कॅबिनेटचा निर्णय फिरवू शकत नाही, हे सगळं मान्य. पण ज्या लोकांनी विश्वासाने मत दिलं त्यांच्यापुढे जाऊन हे सांगायचं म्हणजे काय असेल? स्टेजवर गाणं पडलं तर पुढचं घेता येतं, इथे ती सोय नाही.

तरी २०१९ ला तो परत निवडून आला, तेही १ लाख ९७ हजारांनी, समोर तृणमूलच्या मुनमुन सेन, सिनेमातल्या अभिनेत्री. नुसत्या नावावर लोक दुसऱ्यांदा एवढी मतं देत नाहीत. त्याच निवडणुकीत त्याने तृणमूलच्या विरोधातलं प्रचारगीत स्वतः गायलं होतं, आधी मंजुरी घेतली नाही म्हणून निवडणूक आयोगाने आक्षेप घेतला, बराच गाजावाजा झाला. मग पर्यावरण खातं, कॅबिनेट मंत्री प्रकाश जावडेकर. २०२१ ला पक्षाने विधानसभेला कोलकात्यातल्या टॉलीगंजमधून उतरवलं, तिथे ५० हजारांच्या आसपास मतांनी पडला, आणि ७ जुलैच्या फेरबदलात मंत्रिपदही गेलं, जावडेकरांचंही त्याच दिवशी. महिनाअखेरीस फेसबुकवर लांबलचक पोस्ट टाकून राजकारण सोडतोय म्हणाला आणि १८ सप्टेंबरला तृणमूलमध्ये.

हे मलाही जड गेलं. भाषणात बोललेलं लोक विसरतात पण गायलेलं राहतं, आणि ज्या पक्षाविरुद्ध त्याने आपला गळा लावला त्याच पक्षात तो गेला. मंत्रिपद गेल्याचा राग होता हे उघड आहे, तत्त्वाची गोष्ट होती असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट तेवढ्याच ठामपणे सांगतो, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याने खासदारकीचा राजीनामा दिला. लोकसभेची जवळपास अडीच वर्षं बाकी होती. पक्षांतरबंदी कायदा असूनही कितीतरी लोक पक्ष बदलून खुर्चीवर बसून राहतात, तक्रार होते, अध्यक्षांकडे सुनावणी लांबते, टर्म संपून जाते, आपल्या महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. याने ज्या चिन्हावर जागा मिळाली ती परत केली आणि एप्रिल २०२२ मध्ये कोलकात्यातल्या बालीगंजच्या विधानसभा पोटनिवडणुकीत तृणमूलकडून नव्याने मतं मागितली. जिंकला, पण जेमतेम २० हजारांनी, म्हणजे तृणमूलच्या मतदारांनीही त्याला डोक्यावर घेतलं नाही. त्याच वेळी त्याने सोडलेलं आसनसोल तृणमूलच्याच शत्रुघ्न सिन्हांनी ३ लाखांच्या वर मतांनी जिंकलं. ऑगस्ट २०२२ मध्ये तो राज्यात मंत्री झाला, आयटी आणि पर्यटन. वर्षभराने पर्यटन गेलं इंद्रनील सेन यांच्याकडे, तेही गायकच.

राहिला ‘गाणी मिळेनाशी झाली’ हा मुद्दा. २०१० नंतर हिंदीत त्याची गाणी कमी झाली हे खरंय, त्याच्या पिढीतल्या बहुतेकांची झाली. पण ते सगळे निवडणुकीला उभे राहिले नाहीत. लतादीदी राज्यसभेवर होत्या त्या राष्ट्रपतिनियुक्त, त्यांना कुणाकडे मत मागायची वेळ आली नाही. भूपेन हजारिका १९६७ ला आसाममध्ये अपक्ष आमदार झाले, तेच २००४ ला गुवाहाटीत भाजपकडून लोकसभेला पडले, एवढा मोठा माणूस! त्यामुळे दोन लोकसभा आणि एक पोटनिवडणूक जिंकलेल्या गायकाला ‘काम नव्हतं म्हणून गेला’ एवढ्यावर निकालात काढू नका.

इथे कुणी बर्नपूर किंवा चित्तरंजनला नोकरी केलेले असतील तर प्लीज लिहा, विशेषतः रूपनारायणपूरच्या कामगारांचं पुढे काय झालं ते. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.