खोली मिळाली, तरी मावशी स्टेशनवर का झोपतात?

निवारा केंद्रातल्या एका काळजीवाहक ताईंचा प्रश्न होता: “एवढी खटपट करून मावशींना खोली मिळवून दिली. महिनाही झाला नाही, तर त्या पुन्हा स्टेशनच्या पुलाखाली झोपायला लागल्या. त्यांना घर नकोच आहे का?”

मावशी पन्नाशीच्या, विधवा. दिराने घराबाहेर काढल्यावर सहा वर्षं स्टेशनच्या आसऱ्याने राहिलेल्या. धुणीभांडी करून महिन्याला ८,५०० रुपये मिळतात. खोली दहा बाय दहाची, भाडं ३,५००, डिपॉझिट १५,०००.

“परत का गेलात?” या प्रश्नावर त्या गप्पच बसल्या. “रात्री नऊनंतर काय काय होतं?” असं विचारल्यावर मात्र भडाभडा बोलल्या. आतली कडी सैल, म्हणून दाराला पाठ लावून त्या रात्रभर बसत. संडास गल्लीच्या टोकाला आणि वाटेत दिवा नाही, म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणंच बंद. त्यात भाडं १ तारखेला आणि पगार १० तारखेला. मधले नऊ दिवस मालकाने दारावर थाप मारली की आता सामान बाहेर फेकणार, असंच त्यांना वाटे. स्टेशनवर निदान शेजारी फुलवाली असे. एक झोपली की दुसरी जागी राही.

ताई, घर त्यांना हवंच आहे. उघड्यावर राहिलेल्या बाईला बंद खोलीत एकटीला लगेच झोप लागत नाही, हे आधीच धरून चालायला हवं. त्यामुळे निवाऱ्यातली त्यांची खाट निदान पंधरा दिवस तशीच ठेवा. पहिल्या आठवड्यात दोन-तीन रात्री खोलीत, पुढे वाढवत न्या. दिवसा मजबूत कडी-कोयंडा बसवून घ्या, रात्रभर जळेल असा छोटा दिवा लावा, बॅटरी द्या. दुसरी किल्ली कोणाकडे राहील ते मावशींनी ठरवायचं. ती तुमच्या संस्थेच्या कपाटात नको. भाड्याची तारीख १२ करून घ्या. मालक बहुधा ऐकतात, फक्त हे बोलणं सामान हलवण्याआधी व्हायला हवं.

करार मावशींच्याच नावाने करा. सोयीसाठी तो कार्यकर्त्याच्या नावाने होतो, आणि मग बाईच्या हातात पत्त्याचा पुरावाच राहत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्यावर आधारचा पत्ता बदलता येतो. डिपॉझिट संस्थेने भरलं असेल तर ते परत कोणाला मिळणार, हे करारात लिहा. गॅससाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

दिराने बळकावलेल्या घरासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येईल. बाईची मिळकत कितीही असली तरी तिथे वकील मोफत मिळतो. पण पहिल्या महिन्यात हा विषय काढू नका. झोप लागायला लागली की त्या स्वतःच काढतील.

भेटीला पहिले दोन आठवडे दिवसाआड जा, ठरल्या वेळेला, दार वाजवून. तिसऱ्या महिन्यापर्यंत आठवड्यातून एकदा पुरे. मावशी दुपारी फुलवालीकडे जाऊन बसल्या तर अडवू नका. तिलाही खोलीवर जेवायला बोलवायला सांगा. करार अकरा महिन्यांचा असेल तर नवव्या महिन्यातच मालकाशी पुढचं भाडं बोलून घ्या, आणि त्या वेळी मावशींना सोबत बसवा.