फुल काम केलेलं ट्रकचं इंजिन पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यावी?

तुमच्या वडिलांनी वीस वर्षं चालवलेला १९७८चा टाटा १२१० तुम्ही दोघांनी मिळून पुन्हा उभा केलाय, ६९२ इंजिनाचं फुल काम करून (म्हणजे पूर्ण खोलून, नव्याने बांधून) चार महिन्यांपूर्वी ते चासीवर बसवलंय, आणि आता सेल्फ मारायचा धीर होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. धीर होत नाही हे चांगलंच आहे. कराडला आमचं गॅरेज आहे. अण्णांच्या हाताखाली मी अशी बरीच इंजिनं बांधली. त्यावरून सांगतो.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते चार महिने. इंजिन बांधताना मिस्त्रीने बेअरिंगना, लायनरला, कॅमला ऑइल लावलेलं असतं. इतके दिवस उभं राहिलं की ते निथळून चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पंप कोरडा, फिल्टर रिकामा, गॅलरीत (इंजिनातल्या ऑइलच्या वाटांत) नुसती हवा. अशात इंजिन एकदम पेटलं तर नवी मेन आणि बिग एंड बेअरिंगं पहिल्या काही सेकंदांतच खरवडतात. तो आवाज लगेच येत नाही, दोन-तीन हजार किलोमीटरनंतर येतो आणि तेव्हा सगळे बोअरवाल्याला दोष देतात.

म्हणून आधी इंजिन न पेटवता फिरवा. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत भरा. साधं मिनरल १५डब्ल्यू-४० घ्या, पहिल्या भरतीला सिंथेटिक नको. फिल्टर बसवतानाच ऑइलने भरून घ्या. सहाही नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून ठेवा, म्हणजे कॉम्प्रेशन राहत नाही, इंजिन हलकं फिरतं आणि कोरड्या बेअरिंगवर भार येत नाही. डिझेल तोडणारा स्टॉपचा नॉब ओढून अडकवा, टॅपेट कव्हर उघडं ठेवा आणि सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग सेल्फला एक-दोन मिनिटं विश्रांती. ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत आणि रॉकरवर (टॅपेट कव्हरखाली व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांवर) ऑइल येईपर्यंत हेच करत राहायचं. रॉकरच्या भोकांतून ऑइल आधी बुडबुड्यासारखं येतं, मग एकसारखं ओघळायला लागतं. ते डोळ्यांनी बघा, फक्त काट्यावर जाऊ नका. एकदा आमच्याकडे काटा छान वर गेला होता, पण मागचे दोन रॉकर कोरडे. खोलून पाहिलं तर शाफ्टच्या भोकात बोअरिंगचा कचरा अडकलेला. आठ-दहा वेळा सेल्फ मारूनही ऑइल आलं नाही तर पुढे जाऊ नका, पंपाची सक्शनची बाजू तपासा. झाल्यावर डिपस्टिक पुन्हा बघा, लेव्हल उतरलेली असते.

मग नोजल नव्या वॉशरवर बसवा आणि डिझेलची एअर काढा. फीड पंपाचा हँड पंप मारत आधी फिल्टरचा स्क्रू ढिला करा. फेस जाऊन स्वच्छ डिझेल आलं की कसा. मग डिझेल पंपावरचा स्क्रू, तसंच. शेवटी नोजलजवळचे पाइपांचे नट थोडे ढिले करा, स्टॉप आत ढकलून सेल्फ मारा आणि डिझेल टपकायला लागलं की नट कसा. नोजलच्या फवाऱ्यासमोर हात कधीच धरू नका. तो शंभर बारच्या वरच्या दाबाने सुटतो आणि कातडीतून आत शिरतो.

आता जे बहुतेक जण विसरतात ते. चालू करण्याआधी इंजिन बंद कसं होणार याची खात्री करा. डिझेल इंजिन किल्ली काढून बंद होईलच असं नाही. डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) फुल डिझेलला अडकला तर इंजिन धावत सुटतं आणि मग स्टॉपची केबल ओढून काही होत नाही. १९५४ ते १९६९ टेल्कोचा (म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा) डायम्लर-बेंझशी करार होता. त्या जमान्यातल्या ३१२ मॉडेलच्या गाड्यांच्या पंपाचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) हवेच्या ओढीवर चालायचा. त्याचा बारीक व्हॅक्यूम पाइप सुटला किंवा डायफ्राम फाटला तर गव्हर्नरला वाटतं इंजिन हळू चाललंय, आणि तो डिझेल वाढवतच राहतो. तुमच्या पंपावर असा पाइप दिसला तर तो आधी तपासा.

आमच्याकडे एका उसाच्या गाडीचं इंजिन असंच सुटलं होतं. पंप बाहेरून दुरुस्त होऊन आलेला, रॅक चिकटलेला. आवाज क्षणात चढत गेला, शेडचा पत्रा थरथरायला लागला. मी केबिनमध्ये स्टॉप ओढून बसलेलो, काहीच होईना. अण्णांनी जाड फळी उचलून हवेच्या तोंडावर दाबली, इंजिन घुसमटून बंद पडलं. एवढी घाई झालेली, तरी त्यांनी हात लावला नाही, फळी लावली. त्या दिवसापासून आमच्याकडे ट्यूबचं रबर ठोकलेली एक फळी पहिल्या सेल्फच्या वेळी इंजिनाशेजारी असतेच. हवेचा पाइप त्या वेळी मोकळा ठेवा, म्हणजे फळी बसेल. जवळ फायर एक्स्टिंग्विशर ठेवा. गिअर न्यूट्रल, चाकांना दगड.

इंजिन पेटल्यावर पहिली नजर ऑइलच्या काट्यावर. पाच-दहा सेकंदांत प्रेशर नाही, तर बंद. सुरुवातीचा पांढरा-निळसर धूर आणि मॅनिफोल्डच्या रंगाचा वास यांना घाबरू नका, लावलेलं ऑइल जळत असतं. काही व्हिडिओंमध्ये इंजिन लगेच दोन हजारांवर वीस मिनिटं ठेवायला सांगतात. ते अमेरिकन पेट्रोल व्ही-८ च्या कॅम आणि टॅपेटसाठी आहे, आपल्या डिझेलला तसं रेटू नका. पण तासभर नुसतं आयडलवरही ठेवू नका, पिस्टनच्या रिंगा बसत नाहीत आणि बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) चकाकी येते. हजार-बाराशेवर पाणी गरम होईपर्यंत चालवा, गळती बघा, बंद करा. थंड झाल्यावर कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे हेडचे बोल्ट आणि टॅपेट पुन्हा तपासा. मग हलक्या भाराने रस्त्यावर काढा. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरला बदला आणि जुना फिल्टर उघडून चमकते कण आहेत का बघा.

हे एकट्याने करू नका. तुम्ही फळी घेऊन इंजिनाशी उभे राहा आणि वडिलांना केबिनमध्ये बसवा, एक हात सेल्फवर, दुसरा स्टॉपच्या नॉबवर. त्या गाडीचा आवाज त्यांनी वीस वर्षं ऐकलाय. काटा ठीक दिसत असला, तरी ते "बंद कर" म्हणाले तर बंद करा आणि काय ऐकू आलं ते त्यांना विचारा.