वाचकांचे प्रश्न : उष्णतेपासून वीज

प्रश्न : उष्णतेपासून थेट वीज निर्माण करणाऱ्या पदार्थांत दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये मिसळल्याने नेमका काय फरक पडतो?

उत्तर : अशा पदार्थाने वीज सहज वाहू द्यावी, पण उष्णता अडवावी (म्हणजे त्याच्या दोन टोकांतला तापमानाचा फरक टिकतो), ही मुळातच अवघड अपेक्षा आहे. कोबाल्ट आणि अँटिमनी यांच्या संयुगात (एका कोबाल्टमागे तीन अँटिमनी) वीज उत्तम वाहते, मात्र उष्णताही तितकीच सहज निसटते. या स्फटिकाच्या रचनेत पोकळ पिंजरे असतात. त्यांत सेरियम, लॅन्थॅनम किंवा यटर्बियम या दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा अणू बसवला, तर तो खुळखुळ्यातल्या खड्यासारखा सैल राहून थरथरतो आणि उष्णता वाहून नेणारी कंपने विखुरतो. शिवाय तो इलेक्ट्रॉनही देतो, त्यामुळे विद्युतवहन हवे तसे जुळवता येते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 1996 मध्ये, कोबाल्टच्या काही जागी लोह घालून, अशा पदार्थांचा गुणवत्तांक (उष्णतेचे विजेत रूपांतर किती चांगले होते, ते सांगणारा आकडा) उच्च तापमानाला 1 च्या आसपास नेला. लोह घालण्याचे कारण असे, की शुद्ध संयुगात सेरियम फारसा मावतच नाही. माझ्या मते खरी अडचण मात्र टिकाऊपणाची आहे, कारण तापलेल्या पृष्ठभागावरून अँटिमनी हळूहळू उडून जातो आणि पदार्थाचे ऑक्सिडीकरण होते, म्हणून त्यावर संरक्षक लेप द्यावा लागतो.