बाळंतिणीची शेगडी आणि तिची तहान

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी आली असून, ग्रामीण रुग्णालयात तिचे साधे बाळंतपण होऊन आठवडा झाला आहे. माझ्या सासूबाईंच्या सांगण्यावरून बंद खोलीत तिच्या बाजेखाली शेगडी असते, दिवसभरात दोन-तीन पेलेच पाणी दिले जाते आणि पालेभाजी व वरण वर्ज्य आहे. आशाताई हे बंद करायला सांगतात. सासूबाईंनी आपली सर्व बाळंतपणे अशीच काढल्यामुळे त्यांना दुखवणे जड जाते. काय ठेवावे आणि काय सोडावे? – एक आई

उत्तर : ताई, सर्वांत आधी पाण्याविषयी लिहिते, कारण तेथे उशीर परवडणारा नाही. पाणी प्यायल्याने पोट सुटते आणि टाके पिकतात हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. परंतु पोट सैल दिसते ते नऊ महिने ताणलेल्या स्नायूंमुळे, आणि त्याचा पाण्याशी काहीही संबंध नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला एरवीपेक्षा जास्त पाणी लागते. ते तोडले, की शौचाला कडक होऊन टाक्यांवर ताण येतो, लघवीला जळजळ सुरू होते आणि पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. विदर्भात अनेक समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, म्हणून येथे ही चूक अधिकच महागात पडते. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातील पाणी कमी झाले, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. मुलीची ही तपासणी गरोदरपणात झाली होती का, हे तिच्या कार्डावर पाहा, आणि झाली नसेल तर आता करून घ्या. उकळून निववलेल्या पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी असू द्या व बाळाला पाजायला घेताना दर वेळी तिला पेलाभर प्यायला द्या.

शेगडी आजच बाहेर काढावी. बंद खोलीत कोळसा जळला, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला तो जाणवतही नाही. ओवा-शेपाच्या धुरीचा धूर नवजात बाळाच्या कोवळ्या फुफ्फुसांना सोसत नाही. वैशाखात आपल्याकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा तर या उबेची गरजच नसते. कंबर शेकायची असल्यास गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून वापरावी, आणि थंडीच्या दिवसांत बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून पांघरूण घ्यावे.

आता सासूबाईंचे जे खरे आहे, ते मनापासून जपा. सव्वा महिन्याची विश्रांती हा त्यांच्या रीतीतला सर्वांत मोलाचा भाग आहे. गर्भाशय पूर्ववत व्हायलाही साधारण सहा आठवडेच लागतात. शेतीची कामे तोंडावर आली, की पुष्कळ सुनांना पंधरवड्यातच विळा हाती घ्यावा लागतो, आणि ते मला शेगडीइतकेच घातक वाटते. विश्रांती म्हणजे सतत पडून राहणे मात्र नव्हे, घरातल्या घरात रोज थोडे चालणे हवेच. हलक्या हाताची तेलमालीश, अळिवाची खीर, डिंक, खोबरे, खारीक आणि गोडंबी घातलेले लाडू हे सारे चालू ठेवा; फक्त लाडू जेवणाच्या जागी नव्हे, जेवणाच्या जोडीला द्या. ताटात भाकरीबरोबर घट्ट वरण, मुंगण्याच्या (शेवग्याच्या) पाल्याची भाजी आणि घरी चालत असल्यास अंडे असावे. बाळंतपणात रक्त गेलेले असते, म्हणून लोहाची गोळी 180 दिवस घ्यायची असते. ती चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. बाळाला गुटी वा वरचे पाणी सहा महिने देऊ नये आणि मध तर वर्षभर देऊ नये.

आशाताईंना परकी समजू नका. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा बालमृत्यू घटले. ते काम 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. आज आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात, त्यामागे तोच अनुभव आहे. पुढच्या भेटीला सासूबाईंना शेजारी बसवा, आणि मालीश व लाडवांची जबाबदारी त्यांच्याकडेच राहील हे आशाताईंच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. अधिकार सारा हिरावला जात नाही हे कळले, की थोरली माणसे बरेच ऐकतात.

तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, अंगावरून दुर्गंधीयुक्त जाणे, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी डोकेदुखी किंवा झटके, यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपाय करत न बसता 108 ला फोन करावा. मुलगी दोन आठवड्यांनंतरही सतत रडत असेल, बाळ झोपले असतानाही तिला झोप येत नसेल किंवा बाळाला जवळ घ्यावेसे वाटत नसेल, तर ‘बाहेरचे झाले’ असे न म्हणता तिला डॉक्टरांकडे न्यावे. आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार तिच्या बोलण्यात आले, तर तिला क्षणभरही एकटे न ठेवता त्याच दिवशी न्यावे.